ज्ञानपीठ पुस्तकाला की लेखकाला? पुरस्कारांचा पाठ शिकवताना एवढं पाहा



शिष्यवृत्ती किंवा इतर परीक्षांची तयारी सुरू झाली की मराठीतल्या ज्ञानपीठ विजेत्यांचा तक्ता मुलांकडून हमखास पाठ करून घेतला जातो. वि. स. खांडेकर – ययाती, कुसुमाग्रज – विशाखा, विंदा करंदीकर – अष्टदर्शने, भालचंद्र नेमाडे – हिंदू. लेखकांची नावं चारही बरोबर आहेत. पण पुस्तकांच्या रकान्यातली शेवटची तीन नावं मुलांची दिशाभूल करतात. कशी, ते पाहू.

ज्ञानपीठ : नियम कधी बदलला?

पहिला ज्ञानपीठ पुरस्कार १९६५ चा. तो मल्याळम कवी जी. शंकर कुरुप यांना मिळाला. सुरुवातीच्या काळात हा पुरस्कार एका विशिष्ट साहित्यकृतीसाठी दिला जाई. म्हणून खांडेकरांच्या १९७४ च्या पुरस्कारापुढे ‘ययाती’ लिहिणं अगदी योग्य आहे.

१९८२ पासून मात्र लेखकाचं एकूण साहित्यिक योगदान पाहून हा पुरस्कार देतात. कुसुमाग्रजांचा पुरस्कार १९८७ चा, विंदांचा २००३ चा आणि नेमाड्यांचा २०१४ चा. म्हणजे तिघेही नव्या नियमानंतरचे.

मुलांना एक साधा हिशोब करायला लावा. ‘विशाखा’ प्रसिद्ध झाला १९४२ मध्ये आणि ज्ञानपीठ १९८७ चं. मधली ४५ वर्षं कुसुमाग्रज काय करत होते? कविता तर लिहीत होतेच, शिवाय वि. वा. शिरवाडकर या नावाने नाटकं, कथा, कादंबऱ्याही लिहीत होते. तक्त्यातलं एकच पुस्तक पाठ केलं की हे सगळं काम मुलाच्या नजरेआड होतं. नुकसान आहे ते हेच.

साहित्य अकादमी : इथे पुस्तक महत्त्वाचं

साहित्य अकादमीची स्थापना १९५४ ची आणि पुरस्कार १९५५ पासूनचे. आज २४ भाषांतल्या पुस्तकांना हा पुरस्कार मिळतो. इथे लेखकासोबत पुस्तकाचं नाव हवंच. मराठीतला पहिला मान तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला. तो कथा-कवितेचा नव्हे, तर विचारांचा आणि अभ्यासाचा ग्रंथ आहे, हेही मुलांना आवर्जून सांगा.

‘ययाती’ला अकादमीचा पुरस्कार १९६० मध्येच मिळाला होता, ज्ञानपीठ नंतर आलं. आणि ज्या १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांचं, त्याच वर्षीचा अकादमी पुरस्कार शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ला.

याशिवाय बालसाहित्य पुरस्कार (२०१० पासून) आणि ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार (२०११ पासून) आहेत. घरी मुलांसाठी पुस्तकं निवडताना पालकांना बालसाहित्याची यादी फार उपयोगी पडते.

संशोधन, विज्ञानप्रसार आणि लेखन

संशोधनासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार ४५ वर्षांखालील शास्त्रज्ञांना दिला जाई. म्हणजे तिथे आयुष्यभराची कामगिरी नव्हे, तर ऐन उमेदीतलं संशोधन पाहिलं जाई.

जयंत नारळीकरांचं उदाहरण तर वर्गात सांगायलाच हवं. विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवल्याबद्दल त्यांना १९९६ मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. माणूस एकच, पण एका पुरस्काराने पाहिलं विज्ञानप्रसाराचं काम आणि दुसऱ्याने पुस्तक.

वर्गात काय करता येईल?

कोणताही पुरस्कार आला की मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावा :

१. तो पुस्तकाला आहे की एकूण कार्याला?
२. कोण देतं?
३. वयाची, भाषेची किंवा विषयाची काही अट आहे का?

परीक्षेत ‘कुसुमाग्रज – विशाखा’ अशी जोडी जुळवायला आली, तर मुलांनी ती जरूर जुळवावी. गुण घालवायचे नाहीत. पण वर्गात खरी गोष्ट सांगून ठेवायची. आणि तक्ता पाठ झाल्यावर त्यातलं निदान एक पुस्तक ग्रंथालयातून आणून चार पानं मोठ्याने वाचून दाखवायची. पुरस्काराची यादी शेवटी वाचनाची यादी झाली, तरच तिचा उपयोग!