रुमालांतील इतिहास

पूर्वी जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेली शेकडो मोडी पत्रे धूळ खात पडलेली असत. कित्येक वाळवीने खाल्ली. कित्येक रद्दीत गेली. परंतु एखाद्या चिठोऱ्यावरूनही लढाईची तिथी निश्चित होते! हे ओळखून वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद मिळविले. पानिपतच्या काळातील पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला.

एकट्याच्या श्रमांना मात्र मर्यादा असते. म्हणून १९१० साली राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. तेथे कागदपत्रे, पोथ्या, नाणी व चित्रे जतन केलेली आहेत.

मुलांनो, घरात जुना कागद आढळल्यास तो फेकू नका; आधी जाणत्यास दाखवा.