सातव्यांदा दाबलेले पेडल

नोव्हेंबर 2023 मध्ये सोलच्या योंगसान भागात विजेवर चालणारी एक टॅक्सी उजवीकडे गल्लीत वळली आणि पुढे जाऊन भिंतीवर आदळली. 65 वर्षांच्या चालकाचे म्हणणे एकच होते, गाडी आपोआप सुटली. त्याच्या टॅक्सीत पायांपाशीही कॅमेरा बसवलेला होता, आणि म्हणूनच हा अपघात तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. चित्रणात दिसते की गाडी वळल्यावर पहिल्या तीनेक सेकंदांत त्याने एक पेडल सहा वेळा दाबले आणि सोडले; सातव्यांदा दाबले ते भिंत येईपर्यंत उचललेच नाही. ते पेडल ॲक्सिलरेटरचे होते. 119 मीटरच्या त्या अंतरात ब्रेकला पाय एकदाही लागला नाही, आणि धडकेच्या वेळी वेग होता ताशी 61 किलोमीटर. या माणसाला खोटारडा म्हणणे अन्यायाचे होईल. सहा वेळा दाबून सोडणे ही ब्रेक लागत नाही म्हणून घाबरलेल्या माणसाचीच हालचाल आहे. गाडी थांबावी म्हणून तो जिवाच्या आकांताने धडपडत होता, फक्त पाय चुकीच्या जागी होता.

कॅमेरा नसतो तेव्हा तपासाची मदार गाडीने स्वतः ठेवलेल्या नोंदींवर असते. एअरबॅगच्या यंत्रणेत इव्हेंट डेटा रेकॉर्डर असतो. 2024 मधल्या बदलापूर्वीच्या अमेरिकी नियमानुसार तो धडकेआधीची पाच सेकंदे, दर सेकंदाला दोन नोंदी या हिशेबाने जपतो: वेग, ॲक्सिलरेटर किती टक्के दाबला, ब्रेक लागला की नाही. टेस्लासारख्या गाड्यांत याशिवाय सविस्तर लॉगही असतो. टेस्ला गाड्या आपोआप धावत सुटतात अशा तक्रारींवर अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने जानेवारी 2021 मध्ये निर्णय दिला, तो याच नोंदी तपासून. तपासलेल्या अपघातांपैकी 97 टक्क्यांत ॲक्सिलरेटर 85 टक्के किंवा त्याहून अधिक दाबलेला होता. 90 टक्क्यांत ब्रेक लागलेलाच नव्हता, आणि उरलेल्यांत तो धडकेच्या सेकंदभरही आधी लागला नव्हता. बहुतेक अपघात पार्किंगमध्ये किंवा घरासमोर घडलेले. पेडल, मोटर-नियंत्रण किंवा ब्रेक यांत दोष आढळला नाही, चुकीचे पेडल दाबले गेले, असा निष्कर्ष निघाला. मला तो पटतो. कारण दोष इलेक्ट्रॉनिक्सचा असता, तर ब्रेक जोरात दाबल्याची खूण एवढ्या अपघातांपैकी निदान काहींत तरी वेळेवर उमटायला हवी होती.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. 85 टक्क्यांचा आकडा येतो कुठून? ज्या सेन्सरवर संशय आहे त्याच्याकडूनच. सेन्सरचा संकेत वाचणारी यंत्रणाच चुकली, तर मोटारीला चुकीचा हुकूम जाईल आणि नोंदही तीच चूक लिहील. 2023 मध्ये अमेरिकी यंत्रणेपुढे आलेल्या एका अर्जाचा रोख असाच होता. टोयोटाचा इतिहासही या आक्षेपाला बळ देतो. 2011 मध्ये नासाच्या अभियंत्यांना तिच्या गाड्यांत असा वेग निर्माण करणारा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, पण 2013 मध्ये ओक्लाहोमातल्या ज्युरीने सॉफ्टवेअर तज्ज्ञाची साक्ष ऐकून कंपनीला जबाबदार धरले. म्हणून नोंदीला बाहेरचा साक्षीदार हवा, हे मान्यच करायला हवे. मात्र असा साक्षीदार मिळाला तेव्हा त्याने काय सांगितले, तेही बघायला हवे. योंगसानच्या कॅमेऱ्याला सेन्सरशी काही देणेघेणे नव्हते. जुलै 2024 मध्ये सोलच्या सिटी हॉलजवळ 9 जणांचा बळी घेणारी गाडी पेट्रोलची होती, पण तपासाची रीत तीच. तिथे नोंदीत ॲक्सिलरेटर 99 टक्क्यांपर्यंत दाबलेला निघाला आणि चालकाच्या बुटाच्या तळावर ठसाही ॲक्सिलरेटरच्या पेडलचाच सापडला. बुटावरचा ठसा काही सॉफ्टवेअर उमटवत नाही.

पण ‘चालकाची चूक’ असा शिक्का मारून फाईल बंद करणे हा माझ्या मते या नोंदींचा अपमान आहे. विजेच्या गाडीत पेडल दाबताक्षणी पूर्ण जोर मिळू शकतो, आणि चूक झाली हे कानाला सांगणारा इंजिनाचा आवाज नसतो. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप मंदावते; त्यामुळे एकाच पेडलवर गाडी चालवण्याची सवय लागली की पाय बहुतेक वेळ ॲक्सिलरेटरवरच असतो. चीनच्या नियामकाने मे 2023 मध्ये सुमारे 11 लाख टेस्ला गाड्यांसाठी दुरुस्तीचा आदेश काढला, तो याच कारणाने: गाडी आपोआप मंदावण्याचे प्रमाण चालकाला निवडता यावे, आणि ॲक्सिलरेटर बराच वेळ खोल दाबला गेला तर इशारा मिळावा. समोर अडथळा असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला गेल्यास वेग रोखणाऱ्या यंत्रणेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन मंचाने नोव्हेंबर 2024 मध्ये नियम स्वीकारला, आणि जपान 2028 पासून ती नव्या गाड्यांना सक्तीची करणार आहे. सहा वेळा चुकणारा पाय सातव्यांदाही चुकेल, हे गाडीला कळू शकते.

आपल्याला हा प्रश्न दूरचा नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी कुर्ल्यात बेस्टची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली आणि माणसे गेली. चालकाने ब्रेकला दोष दिल्याच्या आणि तपासणीत ब्रेक ठीक निघाल्याच्या बातम्या आल्या. क्लच-गिअरच्या गाड्यांवर हात बसलेल्या त्या चालकाला विजेच्या बसचे प्रशिक्षण फारच थोडे मिळाले होते, असेही छापून आले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण अशा प्रत्येक वेळी गाडीतली नोंद उत्पादकाखेरीज तिसऱ्या, स्वतंत्र तज्ज्ञासमोर उघडली गेली पाहिजे, आणि तिची प्रत चालकाला व मृतांच्या नातलगांना मिळाली पाहिजे. अमेरिकेत 2015 च्या कायद्याने ही नोंद गाडीच्या मालकाची ठरवली आहे. आपल्या घरी अशी वेळ आली, तर गाडी दुरुस्तीला किंवा भंगारात जाण्याआधी तिच्यातली नोंद काढून ठेवण्याची मागणी पोलिसांकडे आणि विमा कंपनीकडे लेखी करा.