घरगुती संगणकातील डिस्कदोष व त्यांचे निदान

संगणकाच्या कायम साठवणीच्या साधनावरील, बहुधा हार्ड डिस्कवरील, माहिती वाचताना किंवा तेथे नवी माहिती लिहिताना येणाऱ्या व्यत्ययांना डिस्कदोष म्हणतात. आज्ञावली मध्येच बंद पडणे, संगणक गोठणे, निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश येऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे, कालपर्यंत उघडणारी फाइल आज न उघडणे ही त्यांची नेहमीची बाह्य लक्षणे होत. मात्र सदोष रॅम, क्षीण झालेला वीजपुरवठा, सैल केबल व अतिउष्णता यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. ‘डिस्कमध्ये चूक आढळली’ असा संदेश आला, एवढ्यावरून दोष डिस्कमध्येच आहे असे ठरत नाही. निदानापूर्वीच दुरुस्तीची आज्ञावली चालवल्यास शाबूत माहितीही नष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून आधी माहितीची नक्कल, मग निदान आणि शेवटी दुरुस्ती हा क्रम पाळणे आवश्यक ठरते.

दोषांचे स्वरूप

हार्ड डिस्कमधील चकत्या घरगुती संगणकात सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. माहिती वाचणारे व लिहिणारे शीर्ष चकतीला स्पर्श न करता तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. चकतीचा पृष्ठभाग सेक्टर नावाच्या लहान खंडांत विभागलेला असतो. प्रत्येक सेक्टरमध्ये मूळ माहितीबरोबर चूक ओळखून दुरुस्त करणारी सांकेतिक भर असते. किरकोळ चुका डिस्क स्वतःच सुधारते व वापरकर्त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चूक मोठी असेल तर डिस्क तोच सेक्टर पुनःपुन्हा वाचून पाहते. संगणक काही सेकंद स्तब्ध होतो आणि मग पूर्ववत चालू लागतो, तो अनेकदा याच कारणाने. वाचता न आलेला सेक्टर डिस्क ‘प्रलंबित’ म्हणून नोंदवते. पुढे त्यावर नवे लेखन करण्याची वेळ आली आणि तेही टिकले नाही, तर त्याच्या जागी राखीव साठ्यातील सेक्टर योजला जातो.

दुसऱ्या प्रकारचा दोष चकतीत नसून तिच्यावरील नोंदवहीत असतो. कोणती फाइल कोठे आहे याचा हिशेब फाइल प्रणाली ठेवते. लेखन चालू असताना वीज गेली तर हा हिशेब अर्धवट राहतो. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या फाइल प्रणालीत प्रत्येक फेरफार आधी रोजकीर्दीसारख्या एका नोंदीत टिपला जातो व मग मुख्य खात्यात चढवला जातो. त्यामुळे जुन्या फॅट प्रणालीपेक्षा ती वीज जाण्याचा प्रसंग चांगला निभावते. परंतु ही रोजकीर्द हिशेबाचे रक्षण करते, फाइलमधील मजकुराचे नव्हे. अर्धवट लिहिलेले पत्र अर्धवटच राहते.

तिसरा प्रकार रॅमचा. बोलीत ‘मेमरी’ हा एकच शब्द रॅमसाठीही वापरतात आणि डिस्कवरील जागेसाठीही. ‘मेमरी भरली’, ‘मेमरी खराब झाली’ या वाक्यांतून नेमके काय अभिप्रेत आहे ते कळत नाही. दोन्ही गोष्टी भिन्न आहेत. डिस्कवर जाणारी व तेथून येणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. रॅममधील एखादा कण सदोष असेल तर निर्दोष डिस्कवरही चुकीची अक्षरे लिहिली जातात आणि पाहणाऱ्याला डिस्क बिघडल्यासारखी वाटते. अशा स्थितीत डिस्कदुरुस्ती चालवणे सर्वांत घातक. दुरुस्त करणारी आज्ञावलीच चुकीचा हिशेब वाचते आणि बरोबर असलेल्या नोंदी ‘सुधारते’.

लक्षणांवरून तर्क

निरनिराळ्या आज्ञावल्या निरनिराळ्या वेळी बंद पडत असतील आणि निळ्या पडद्यावरील संदेश दर वेळी बदलत असेल, तर प्रथम रॅमविषयी संशय घ्यावा. एकच फाइल उघडताना किंवा एकाच फोल्डरशी आल्यावर अडथळा येत असेल, तर डिस्कविषयी. संगणक थंड असताना ठीक चालून अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडत असेल तर पंखे व त्यांत साचलेली धूळ पाहावी. मदरबोर्डवरील कपॅसिटरचा माथा फुगलेला दिसल्यास दोष बहुधा तेथेच असतो. २००० च्या दशकातील अनेक मदरबोर्डांमध्ये हा बिघाड सर्रास आढळत असे.

रॅम व डिस्क यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. एखादी मोठी झिप फाइल दोन-तीनदा उलगडून पाहावी व दर वेळी मध्ये संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. चूक प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी आली तर ती झिप फाइल किंवा डिस्कवरील तो भाग खराब आहे. चुकीची जागा बदलत राहिली तर रॅम संशयास्पद ठरते. त्यानंतर मेमटेस्ट८६ किंवा विंडोज व्हिस्टापासून विंडोजसोबतच येणारी रॅमतपासणी चालवावी. शक्य तर रात्रभर. रॅमच्या बाबतीत थोड्या चुका चालतात असे नाही. एकही चूक आढळली तरी एकेक पट्टी काढून स्वतंत्रपणे तपासावी लागते. दमट हवेत पट्टीच्या संपर्कबिंदूंवर चढणारा थर पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांतून रूढ आहे व ती पुष्कळदा लागूही पडते. मात्र वीज पूर्णपणे तोडून आणि रबराचा भुगा झटकूनच पट्टी परत बसवावी.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी फारशा कोणी पाहत नाही, पण निदानासाठी त्या मोलाच्या असतात. तेथे ‘डिस्क’ या स्रोताखालील क्रमांक ७ ची नोंद खराब खंड दर्शवते, क्रमांक ११ ची नोंद नियंत्रक किंवा केबलकडे बोट दाखवते आणि एनटीएफएसची क्रमांक ५५ ची नोंद फाइल प्रणालीतील विसंगती सांगते. केबलचा दोष वाटतो त्याहून अधिक वेळा आढळतो. विंडोज एक्सपीमध्ये अशा सहा चुका साठल्या की डिस्कशी होणारा व्यवहार आपोआप अत्यंत संथ पद्धतीवर नेला जाई व मालकाला संगणक जुना झाल्याचा भास होई.

स्मार्ट नोंदी

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. तीतील क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे प्रलंबित सेक्टर, १९८ म्हणजे सुधारता न आलेले सेक्टर आणि १९९ म्हणजे केबलवरील देवाणघेवाणीतील चुका. पहिल्या तिन्हींचे मूळ मूल्य शून्य असावे. ते वाढत असल्यास डिस्क बदलण्याची तयारी करावी. केवळ १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहावी.

२००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसून आले. त्याच निबंधात दुसरीही बाजू आहे: निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्के डिस्कांमध्ये चार प्रमुख निर्देशकांपैकी एकानेही पूर्वसूचना दिली नव्हती. स्मार्टचा इशारा गांभीर्याने घ्यावा. पण इशारा नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

नक्कल

डिस्क संशयास्पद ठरताच तिच्यावर नवे लेखन थांबवावे. नव्या आज्ञावल्या बसवणे, डीफ्रॅगमेंट करणे, विषाणूंसाठी संपूर्ण तपासणी करणे हे सर्व तूर्त टाळावे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डिस्क केवळ वाचनापुरती जोडणे हा सुरक्षित मार्ग आहे. कार्यप्रणाली व आज्ञावल्या पुन्हा मिळू शकतात. घरातील छायाचित्रे, स्वतःचे लेखन व हिशेब यांची नक्कल आधी करावी. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर असल्यास त्या फॉन्टच्या फाइलीही सोबत घ्याव्यात. त्यांच्याअभावी वाचलेला मजकूर पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग म्हणून उमटतो.

डिस्क अधिकच अडखळत असेल तर फाइलींऐवजी अख्ख्या डिस्कची प्रतिमा तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवावी. डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली यासाठी उपयुक्त आहे. ती सहज वाचता येणारे भाग आधी उतरवते, अवघड भाग मागे ठेवते आणि झालेल्या कामाची नोंद राखते, त्यामुळे खंड पडल्यास काम तेथूनच पुढे चालू करता येते.

दुरुस्ती

विंडोजमधील चेकडिस्क ही आज्ञा पर्यायाविना दिल्यास केवळ पाहणी करते. वापरात असलेल्या विभागावर अशी पाहणी केल्यास नसलेल्या चुकाही दिसू शकतात. ‘एफ’ पर्याय दिल्यास ती फाइल प्रणालीचा हिशेब जुळवते. ‘आर’ पर्यायाने पृष्ठभागाचीही तपासणी करते व त्यास मोठ्या डिस्कवर अनेक तास लागतात. बेवारस सापडलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये केवळ क्रमांक देऊन ठेवले जातात. चेकडिस्क हिशेब जुळवते, झिजलेली चकती बरी करत नाही. वीज गेल्यामुळे झालेल्या विसंगतीवर ती योग्य उपाय आहे. प्रलंबित सेक्टर वाढत असलेल्या डिस्कवर मात्र तासन्‌तास चालणारी ही तपासणी शेवटचा आघात ठरू शकते.

डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक असा आवाज येत असल्यास कोणतीही आज्ञावली चालवू नये; वीज तोडून डिस्क प्रयोगशाळेकडे न्यावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवल्याने सुधारते हा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. प्रत्यक्षात बाहेर काढताच चकत्यांवर दव जमते. डिस्क घरी उघडणे तितकेच अनिष्ट, कारण धुळीचा साधा कणही शीर्ष व चकती यांतील अंतराच्या कित्येक पट मोठा असतो.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरते भाग नसल्याने आवाजाची सूचना मिळत नाही, आणि अनेकदा तो पूर्वलक्षणाशिवाय एकाएकी दिसेनासा होतो. त्यावरून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही कमी असते, कारण ट्रिम या सोयीमुळे मोकळ्या झालेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच आतून साफ करत असतो.