पाचव्या ‘दान’ची वेस

ज्युदोत काळा पट्टा मिळाला म्हणजे शिक्षण संपलं असं नाही. खरी चढण तिथून सुरू होते. त्या चढणीच्या पायऱ्यांना ‘दान’ म्हणतात आणि सर्वांत वरची पायरी दहावी. तिथवर पोहोचलेली पहिली स्त्री म्हणजे केको फुकुदा. उंची जेमतेम दीडशे सेंटिमीटर, वजन पन्नास किलोंच्या आत. अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने 2011 साली त्यांना दहावा दान दिला, तेव्हा त्यांचं वय होतं 98.

इतका उशीर का झाला, हे समजून घ्यायलाच हवं.

फुकुदा 1913 साली टोकियोत जन्मल्या. आजोबा हाचिनोसुके फुकुदा जुजुत्सूचे गुरू. ज्युदोचे जनक जिगोरो कानो तरुणपणी त्यांच्याकडेच शिकले होते. गुरूच्या या नातीला कानोंनी स्वतः ज्युदो शिकायला बोलावलं. फुलांची मांडणी, सुलेखन, चहाचा विधी यांत वाढलेली ही मुलगी 1935 साली कोदोकान या ज्युदोच्या मूळ पीठात, महिला विभागात दाखल झाली. घरच्यांना वाटत होतं, तिथेच एखादा चांगला नवरा मिळेल. पण लग्न करायचं तर ज्युदो सोडावा लागेल, हे दिसल्यावर फुकुदांनी लग्नालाच नकार दिला.

महिला विभागात स्पर्धेच्या कुस्त्यांना मज्जाव होता. भर असायचा ‘काता’वर, म्हणजे जोडीने करायच्या ठरीव डावांवर. त्यातला ‘जू-नो-काता’ फुकुदांनी आयुष्यभर घोटला. यात पंधरा डाव असतात आणि कुणी कुणाला आपटत नाही. पहिलाच डाव पाहा. समोरचा एकेक पाऊल पुढे टाकत हात वर आणतो, बोटांचा रोख थेट दोन भुवयांच्या मधोमध. बोटं कपाळाशी येईपर्यंत दुसरीने हलायचं नाही. मग अंग वळवून बाजूला व्हायचं, त्याचं मनगट धरायचं आणि तो ज्या दिशेने निघाला होता त्याच दिशेने त्याला ओढून घ्यायचं. हे सगळं अगदी संथपणे चालतं. वेगात केलेल्या डावातली चूक झाकली जाते, इथे पाऊल चार बोटं चुकलं तरी उघडं पडतं. म्हणूनच हा बायकांसाठी ठेवलेला सोपा प्रकार आहे, हा समज मला साफ चुकीचा वाटतो. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फुकुदांनी याच काताचं प्रात्यक्षिक दाखवलं.

शिष्यांनी परदेशी जाऊन ज्युदो शिकवावा, ही कानोंची इच्छा होती. फुकुदा 1966 साली अमेरिकेला गेल्या, सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाल्या आणि तिथे त्यांनी स्त्रियांसाठी ज्युदोचा वर्ग उभारला. पण पदवी मात्र जागची हलेना. 1953 साली पाचवा दान मिळाला होता. स्त्रीला त्यापुढे चढवायचं नाही असा कोदोकानचा दंडक. बरोबरीचे, मागून आलेले पुरुष वर जात राहिले. या प्रतीक्षेला संयम म्हणून गौरवणारं बरंच लिहिलं गेलं आहे. मला तो धडधडीत अन्याय वाटतो, आणि तो आपोआप दूर झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या शेली फर्नांडिस यांनी मोहीम उघडली, तेव्हा कुठे 1972 साली सहावा दान हाती आला.

पुढेही भेद सरला नाही. कोदोकानने 2006 साली तिघा पुरुषांना दहावा दान दिला. फुकुदांना त्याच वर्षी मिळाला नववा. दहावा अमेरिकेने दिला, कोदोकानने नाही.

नव्वदी उलटल्यावरही त्या आठवड्यातून तीनदा वर्गावर असत. उभं राहणं झेपेना तेव्हा खुर्चीत बसून शिष्यांचं पाऊल न् पाऊल तपासत. फेब्रुवारी 2013 मध्ये, शंभरीला दोन महिने उरले असताना, त्या गेल्या. जागतिक काता स्पर्धेत आता जू-नो-काता हा स्वतंत्र गट आहे आणि त्यात पुरुषही उतरतात.