मालमोटारीचा डिझेल-पंप : दोष कोठें आणि उपाय कोणता

भिवंडी तालुक्यांतील अकलोली हें गांव तानसा नदीच्या कांठच्या ऊन पाण्याच्या कुंडांमुळें यात्रेकरूंस ठाऊक आहे. वज्रेश्वरीस जाणारा मनुष्य या कुंडांवर स्नान करून पुढें जातो. आम्हां शेतकऱ्यांस मात्र या टापूची ओळख निराळी आहे. येथलें मुख्य पीक भात, आणि वरकस जमिनींत गवत. झोडणी झाली कीं धान्य, पेंढा व गवत हीं तिन्ही एकाच हंगामांत हलवावीं लागतात, व तीं हलविण्याचें साधन म्हणजे मालमोटार. बैलगाडीचें चाक मोडलें तर गांवचा सुतार जवळ असे. मालमोटार अंबाडीच्या रस्त्यावर रात्रीं उभी राहिली तर मिस्त्रीची वाट पाहत बसावें लागतें. त्यांत कार्तिकांतलें अवेळीं आभाळ भरून आलें, तर उघड्या हौद्यांतील पोत्यांचें काय होतें हें वाचकांस सांगावयास नको.

शेतमाल वाहणाऱ्या जुन्या मोटारी कारखान्यांतून निघाल्या तशा क्वचितच राहिलेल्या असतात. कोणी गवताच्या भाऱ्यांसाठीं हौदा वाढवितो, कोणी पाण्याची टाकी चढवितो, कोणी रेती-मुरूम ओतण्यासाठीं हौदा उचलणारें यंत्र बसवितो. ही चाल आजची नव्हे. दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा मोटारी विक्रीस निघाल्या, त्या घेऊन लोकांनीं त्यांवर लांकडी हौदे बांधले. पुढें पेट्रोल परवडेना तेव्हां पेट्रोलचें एंजिन काढून त्या जागीं डिझेलचें बसविण्याची रीत पडली. १९५१ सालीं बंगलोरास मायको कारखाना निघाला व १९५४ सालीं टेल्कोनें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं सहकार्याचा करार केला. त्यानंतर डिझेल-पंप व नोझल या वस्तु आपल्याकडील मिस्त्रींच्या अंगवळणी पडल्या. अशा जुन्या धाटणीच्या पंपाच्या मोटारी अजून गांवोगांव चालतात. पुढील विवेचन प्रामुख्यानें त्यांस लागू आहे.

मोटार चढावर गुदमरून बंद पडली कीं पहिला आरोप पंपावर येतो. पंप उतरवून शहरांत पाठविला जातो, दोन दिवस व बरेच रुपये खर्ची पडतात, आणि पंप परत बसविल्यावर मोटार पुन्हां तेथेंच गुदमरते. आमचें मत असें आहे कीं, फेरफार केलेल्या मोटारींत पंपाकडे संशयानें पाहण्यापूर्वीं टाकीपासून पंपापर्यंतची वाट आधीं तपासावी. कारण फेरफार करणाऱ्यानें हात घातलेला असतो तो याच वाटेंत.

ही वाट समजून घेतली पाहिजे. मोठ्या डिझेल-पंपाच्या बगलेस एक लहान पंप असतो. त्यास मिस्त्री लोक फीड पंप म्हणतात. मोठ्या पंपांतील दांड्याच्या फुगीर भागानें त्याचा दट्ट्या हालतो, आणि दोन पडद्यांच्या योगानें तो टाकींतील डिझेल ओढून गाळणीकडे ढकलतो. तेथून डिझेल मोठ्या पंपांत जातें, व तो नेमक्या वेळीं नेमक्या मापानें नोझलकडे पाठवितो. फीड पंपाचा दाब अगदीं थोडा, चौरस सेंटिमीटरास एक-दीड किलोच्या आसपास. उलट नोझल उघडावयास सुमारें दोनशें किलोंचा दाब लागतो. डिझेल दाबानें लहान होत नाहीं म्हणूनच हें साधतें. हवेचा बुडबुडा मात्र दाबला जातो व पुन्हां फुगतो. तो मोठ्या पंपांत शिरला कीं दट्ट्याचा सारा जोर बुडबुडा दाबण्यांतच जातो आणि नोझल उघडतच नाहीं. मोटारीनें हवा धरली म्हणतात ती हीच.

आतां हवा येते कोठून? येथें बहुतेकांची फसगत होते. फीड पंपाच्या पुढच्या नळ्यांत दाब असतो. तेथें सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर झिरपतें व ओल दिसते. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र ओढ असते. तेथें सांधा ढिला असला तर डिझेल बाहेर येत नाहीं, बाहेरची हवा आंत जाते. चालक नळीवरून हात फिरवितो, नळी कोरडी लागते, आणि तो म्हणतो, गळती नाहीं. कोरडी नळीच गुन्हेगार असूं शकते! हौदा उचलण्याचें यंत्र बसविण्यासाठीं टाकी मूळच्या जागेवरून मागें नेलेली असते. नळी लांबते, मध्यें रबरी तुकडा जोडला जातो, त्यास क्लिपऐवजीं तार आवळली जाते. रिकामी मोटार सपाटीवर चालते, कारण ओढ थोडी असते. भरली मोटार चढास लागली, डिझेलची मागणी वाढली, कीं त्याच सांध्यांतून हवा शिरते. मागें नेलेल्या टाकींत तळाची नळी आंखूड राहिली असेल, तर अर्ध्या टाकीवरही चढावर तिचें तोंड उघडें पडतें.

पेट्रोलच्या जागीं डिझेलचें एंजिन बसविलेल्या मोटारींत दुसरा एक दोष आढळतो. पूर्वींच्या साध्या पेट्रोल-मोटारींत उरलेलें तेल टाकीकडे परत नेणारी नळी बहुधा नसे. डिझेल-एंजिनास ती लागते. ती घालण्याचा कंटाळा करून कोणी परतीचें तेल गाळणींतच सोडतो. मग गरम तेल व त्यांतील बुडबुडे तेथेंच फिरत राहतात. परतीची नळी टाकीपर्यंत नेल्याखेरीज ही खोड जात नाहीं.

टाकीचें झांकण हेंही एक लहानसें पण कपटी प्रकरण आहे. झांकणास श्वासाचें बारीक छिद्र असतें. तें भुसकटानें व चिखलानें बुजतें, किंवा झांकण हरवल्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधून काम भागविलें जातें. डिझेल ओढलें जाईल तसतशी टाकींत पोकळी होते आणि पंप हरतो. मोटार अर्धा तास नीट चालून बंद पडते, थोडी विश्रांति दिली कीं पुन्हां सुरू होते. झांकण उघडतांना सुस्कारा ऐकूं आला तर निदान झालेंच.

हें सारें एकेक तपासण्यापेक्षां एक परीक्षा अशी आहे कीं ती रस्त्यावर पंधरा मिनिटांत होते. स्वच्छ डबा, त्यांत चार-पांच लिटर गाळलेलें डिझेल, आणि पारदर्शक नळीचा वारभर तुकडा घ्यावा. टाकीकडून आलेली नळी फीड पंपावरून सोडून तिच्या जागीं ही नळी लावावी व तिचें दुसरें टोंक डब्यांत बुडवावें. मग हवा काढावी: फीड पंपावरील हातपंपाची मूठ फिरवून सैल करावी, गाळणीच्या डोक्यावरील स्क्रू थोडा सोडावा, आणि फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत हातपंप मारावा. स्क्रू आवळून तसेंच मोठ्या पंपाच्या स्क्रूवर करावें. एवढ्यानेंही एंजिन पेटलें नाहीं तर नोझलकडील नळ्यांचे नट किंचित् ढिले करून स्टार्टर मारावा व डिझेल उडूं लागतांच आवळावे. मूठ पुन्हां घट्ट बसविण्यास विसरूं नये. आतां एंजिन डब्यावर जोमानें चाललें, तर पंप निर्दोष आहे. दोष टाकीकडील वाटेंत आहे. न चाललें, तर गाळणी व तांब्याचे वॉशर पाहून मगच पंप उतरवावा.

फीड पंप खरोखर बिघडतोही. पडद्यांत कचरा अडकला असेल तर हातपंपास जोर लागत नाहीं. खोलून धुतल्यानें काम होतें. दट्ट्या झिजला तर डिझेल मोठ्या पंपाच्या पोटांतील तेलांत उतरतें. तेल पातळ होऊन पातळी वाढलेली दिसली तर मोटार तशीच हांकूं नये. रॉकेल मिसळलेलें डिझेल हें झिजेचें मोठें कारण आहे. या पंपाच्या नाजूक भागांस वंगण डिझेलचेंच मिळतें, आणि रॉकेलांत तो गुण कमी. स्वस्त मिळालें म्हणून भरलेलें तेल अशा रीतीनें पंपाच्या दुरुस्तींत वसूल होतें. पावसाळ्यांत पाण्याचाही त्रास असतो. रात्रीं टाकी रिकामी ठेवली कीं दमट हवेंतील पाणी तिच्यांत जमतें, म्हणून संध्याकाळीं टाकी भरून ठेवावी व आठवड्यास तळाचा बूच सोडून पाणी काढावें.

फीड पंप निकामीच झाला व माल घरीं नेणें भाग पडलें, तर डिझेलचा डबा गाळणीहून उंच जागीं बळकट बांधून त्याची नळी थेट गाळणीस जोडतां येते. मोटार मंद गतीनें मुक्कामीं पोंचते. हा उपाय फक्त डिझेलसाठीं. पेट्रोलच्या मोटारीवर असा डबा बांधणें म्हणजे आगीस आमंत्रण, आणि गवत भरलेल्या गाडीवर तर कोणतेंच तेल भाऱ्यांशेजारीं ठेवूं नये. जुन्या पेट्रोल-जीपगाड्या बाळगणाऱ्यांनीं आणखी एक ध्यानांत घ्यावें. आपल्याच उसाचें इथेनॉल आतां पेट्रोलांत मिसळतें. २०२२ सालीं तें दहा टक्क्यांवर पोंचलें व २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर आलें. जुन्या पंपाचा रबरी पडदा त्यानें फुगतो व तडकतो. तो इथेनॉल सोसणारा घालावा.

वरील नट ढिले करण्याची कृति नव्या मोटारीवर मुळींच करूं नये. कॉमन रेल जातीच्या एंजिनांत नळ्यांतील दाब हजार किलोंच्याही वर जातो, व बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. अशी जखम दिसावयास टांचणीएवढी असली तरी तात्काळ शस्त्रक्रिया लागते. तेथें हात न लावतां जाणत्या मिस्त्रीस बोलवावें.

फेरफार करितांना कायद्याकडेही पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम व सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधील निर्णय यांमुळें कारखानदारानें ठरविलेल्या मूळ रचनेंत मनमानी बदल करतां येत नाहीं. एंजिन किंवा हौदा बदलावयाचा तर आधीं परिवहन कार्यालयाची संमति घेऊन बदल नोंदणीच्या कागदावर चढवून घ्यावा, नाहीं तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकतात.

भाताची कापणी सुरू होण्यापूर्वीं, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, टाकी उतरवून धुवावी, सर्व रबरी तुकडे व क्लिपा बदलाव्या, आणि पारदर्शक नळी, दोन तांब्याचे वॉशर, एक नवी गाळणी व योग्य मापाचे पाने एवढें सामान चालकाच्या बैठकीखालीं ठेवावें.