जकार्डच्या गावात अठ्ठेचाळीस के

सोलापुरी चादरीवरचा मोर आधी कागदावर उतरतो. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत नक्षी काढायची. भरलेला चौकोन म्हणजे ताण्याचा धागा वर, कोरा चौकोन म्हणजे खाली. मग त्या हिशेबानं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यानं एकमेकांना जोडायची आणि ती माळ मागावरच्या जकार्डवर चढवायची. बाण्याची एक फेरी झाली की एक कार्ड पुढं सरकतं. शहराच्या पूर्व भागात पिढ्यानपिढ्या हे काम चाललं. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, पण तत्त्व तेच राहिलं: भोक आहे किंवा नाही.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र उभं केलं. पुढं तिथल्या विणकरांनी त्याचं चित्र रेशमात विणलं. त्याला सुमारे चोवीस हजार कार्डं लागली होती. त्या चित्राची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजजवळ होती. आपल्या गणनयंत्राला आज्ञा द्यायला त्यानं भोकांच्या कार्डांचीच पद्धत घेतली. म्हणून संगणकाचा इतिहास सांगताना सोलापूरकरानं स्वतःला परका समजायचं कारण नाही. या गावात प्रोग्राम पुठ्ठ्यावर लिहिला जात होता आणि तो विणून अंगावर पांघरला जात होता.

याच आहे-नाहीच्या भाषेत चालणारं, घरातल्या टीव्हीला जोडायचं एक यंत्र ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवर, पुण्यात तयार होऊ लागलं. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसचा परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला. भारतीय घरांत शिरलेल्या पहिल्या काही संगणकांपैकी हा एक, आणि तो महाराष्ट्रातला. आपल्याकडच्या संगणकाच्या कथा बहुधा मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपासून सुरू होतात. त्यात या काळ्या, चपट्या डब्याला ओळभरही जागा मिळत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. क्लाइव्ह सिंक्लेअरचा एकच आग्रह होता, किंमत खाली ठेवायची. १६ के, म्हणजे किलोबाइट, स्मृतीचं यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ केचं १७५ पौंडांना विकायला काढलं. त्याच सुमारास ब्रिटिश शाळांत जाणारा बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, ३९९ पौंडांना होता. पैसा वाचवायला सिंक्लेअरच्या माणसांनी काय काय केलं ते पाहण्यासारखं आहे. रिचर्ड ऑल्टवॉसरनं सर्किटची मांडणी केली. पडदा, टेप, आवाज आणि कळफलक यांचं बरंचसं काम फेरांटी कंपनीच्या एकाच चिपमध्ये कोंबलं. स्टीव्ह व्हिकर्सनं बेसिक भाषा १६ केच्या रॉममध्ये बसवली. रिक डिकिन्सननं रबरी कळांचा तो प्रसिद्ध साचा घडवला. मॉनिटर नाही, डिस्क नाही. घरचा टीव्ही आणि घरचा टेपरेकॉर्डर हेच त्याचे हातपाय. १९८४ मध्ये आलेल्या स्पेक्ट्रम प्लसला कडक कळा मिळाल्या, आतलं यंत्र मात्र जुनंच होतं.

कळांची एक गंमत मराठी माध्यमाच्या मुलांच्या दृष्टीनं फार मोलाची होती. स्पेक्ट्रमवर बेसिकचे शब्द अक्षर-अक्षर टंकावे लागत नसत. 'पी'ची कळ दाबली की पडद्यावर 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटे, 'जे' दाबली की 'लोड'. शब्द कळेवरच छापलेला असे. स्पेलिंग चुकण्याचा प्रश्नच नव्हता. स्मृती वाचवण्यासाठी केलेल्या या युक्तीमुळं इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाचाही पहिला अडथळा दूर होई. पुस्तिका इंग्रजीतच होती, तरी आज्ञा बोटांनी पाठ होत.

पडद्याकडे आता चादरीच्या डिझायनरच्या नजरेनं पाहा. आडवे २५६ ठिपके, उभे १९२. ठिपका पेटलेला किंवा विझलेला. एका बाइटमध्ये आठ ठिपके, म्हणून चित्राला ६१४४ बाइट पुरत. रंगासाठी मात्र एवढी जागा परवडणारी नव्हती. म्हणून पडद्याचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे ७६८ चौकोन केले आणि प्रत्येक चौकोनाला दोनच रंग दिले, एक शाईचा आणि एक कागदाचा. हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस गेला की झाडाचा तुकडाही पिवळा होई. खेळ लिहिणाऱ्यांना यानं जेरीस आणलं, आणि त्यातूनच काही फार सुंदर उत्तरं निघाली. 'अल्टिमेट प्ले द गेम' या कंपनीच्या १९८४ मधल्या 'नाइट लोर'नं सगळं दृश्य एकाच रंगात ठेवलं आणि रंगांऐवजी खोली दिली. घनाकार खोल्या, ढकलता येणारे ठोकळे. ४८ केमध्ये तिसरी मिती बसली, हे पाहून इतर खेळवाले थक्क झाले.

स्पेक्ट्रमवर स्वतःची अक्षरंही बनवता येत. त्यासाठी २१ जागा राखून ठेवल्या होत्या. आठ ओळींचा चौकोन कागदावर काढायचा, भरलेल्या घराला एक आणि रिकाम्याला शून्य लिहायचं, 'बिन' या आज्ञेपुढं ती ओळ द्यायची आणि 'पोक' करून स्मृतीत टाकायची. जकार्डचं कार्ड पंच करणाऱ्याला हे समजावून सांगायला दोन मिनिटंही लागली नसती. देवनागरीचा विचार केला तर ही सोय मोहक आहे आणि अपुरीही. वरच्या ओळीत आठही एक भरले, म्हणजे २५५ हा आकडा दिला, की शिरोरेषा तयार. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा आपोआप जुळतात. पण खाली उरतात सात ओळी. त्यात 'क'चे दोन्ही कान बसवताना घाम फुटतो, मात्रा आणि वेलांटीला वरचा दुसरा चौकोन लागतो, आणि २१ जागांत बाराखडी मावत नाही. आपल्या लिपीसाठी खरं काम दुसरीकडं झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं पुढं नेलं. पण अक्षर म्हणजे आकड्यांची जाळी आहे, हे हातानं कळण्याची जागा म्हणून या २१ चौकोनांना तोड नाही.

खेळ यायचे कॅसेटवर. टेपरेकॉर्डरची वायर जोडायची, 'लोड' म्हणायचं आणि प्ले दाबायचं. आधी सलग शिट्टी, पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे, मग खरखर आणि निळे-पिवळे पट्टे. सेकंदाला साधारण १५०० बिट. अख्खा खेळ भरायला चार-पाच मिनिटं लागत. आवाज थोडा कमी-जास्त झाला, टेपचं हेड तिरकं असलं, किंवा शेवटच्या मिनिटाला वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पेचकसानं हेडचा स्क्रू किंचित फिरवून आवाज 'स्वच्छ' करणं हे त्या काळचं कसब होतं. आणि खेळ म्हणजे शेवटी ध्वनी असल्यामुळं दोन टेपरेकॉर्डर वायरनं जोडले की त्याची नक्कल निघे. 'जेट सेट विली' या खेळाच्या प्रकाशकांनी नक्कल अडवायला कॅसेटसोबत रंगीत चौकोनांचं कार्ड दिलं होतं. त्यातला अमुक चौकोन कुठल्या रंगाचा, हे सांगितल्याशिवाय खेळ सुरूच होत नसे.

त्याआधीचा 'मॅनिक मायनर' १९८३ चा. मॅथ्यू स्मिथ या अजून विशी न गाठलेल्या मुलानं तो एकट्यानं लिहिला. वीस गुहा, किल्ल्या गोळा करायच्या, प्राणवायू संपण्याआधी बाहेर पडायचं. यंत्रातला भोंगा एका वेळी एकच सूर काढू शके, तरीही खेळत असताना संगीत वाजत राही. 'एलीट' हा १९८४ चा खेळ डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रोवर उभा केला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, प्रत्येक ग्रहाला नाव, राज्यपद्धती आणि बाजारभाव. एवढं सगळं ३२ केमध्ये साठवणं अशक्य होतं, म्हणून त्यांनी ते साठवलंच नाही. सहा बाइटच्या बीजापासून प्रत्येक ग्रह गणितानं उगवत जाई. कमी जागेत जास्त सांगायची ही कला मला या सगळ्या काळाचं सर्वांत मोठं देणं वाटते. क्रिकेटवाल्यांसाठी ग्रॅहॅम गूचच्या नावाचाही एक खेळ निघाला होता. याच गूचनं नोव्हेंबर १९८७ मध्ये वानखेडेवर स्वीपवर स्वीप मारत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ११५ धावा केल्या आणि आपल्याला घरी बसवलं.

ब्रिटिश आठ-बिट यंत्रं भारतात सरकारी वाटेनंही आली. १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावानं शाळांसाठी संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला. पहिल्या फेरीत देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा होत्या आणि यंत्र होतं बीबीसी मायक्रो. पुढं मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सशी इथं उत्पादन करण्याचा करारही झाला. यंत्र उत्तम होतं, त्याची बेसिक भाषा स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी शिस्तीची होती. पण शाळेत पाच यंत्रं, वर्गात पन्नास-साठ मुलं, हातात ब्रिटनमध्ये तयार झालेले धडे आणि तयार शिक्षक तुटपुंजे, अशा स्थितीत मुलाच्या वाट्याला कळफलक किती येणार? जे यंत्र मुलाला रात्री जेवणानंतर मिळतं, बिघडवता येतं, तेच त्याला शिकवतं. या एका बाबतीत पुण्याचा स्वस्त स्पेक्ट्रम दिल्लीच्या मोठ्या योजनेपेक्षा सरस होता, असं माझं ठाम मत आहे.

सिंक्लेअरनं १९८६ मध्ये संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकला. १९९२ मध्ये स्पेक्ट्रमचं उत्पादन थांबलं. आपल्याकडं तोवर क्लासेसमध्ये पीसी आले होते, आणि खेळायला टीव्हीला जोडायचे जपानी पद्धतीचे कन्सोल. ते चालू केले की थेट खेळ दिसे. स्पेक्ट्रम चालू केला की लिहिण्यासाठी वाट पाहणारा पडदा दिसे. खेळणारा आणि घडवणारा एकाच खुर्चीत बसत होते, ती खुर्ची तिथं तुटली. बीबीसी मायक्रोचं बीज मात्र जगलं. तो घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढं एआरएम प्रोसेसर रचला. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप त्यांनी बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवली. आज खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर असतो.

सोलापुरात, किंवा सोलापूरहून पुण्या-मुंबईला गेलेल्या कुणाच्या घरी, माळ्यावर असं यंत्र पडलेलं असेल तर ते भंगारात देऊ नका. थेट वीजही जोडू नका. स्पेक्ट्रमचा ९ व्होल्टचा अडॅप्टर नेहमीपेक्षा उलटा असतो, त्याची मधली पिन ऋण असते. चुकीचा लावला तर यंत्र जळतं. इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्याकडून आतले जुने कपॅसिटर आधी तपासून घ्या. उघडताना कळफलकाची पट्टी ओढू नका, ती वाळून ठिसूळ झालेली असते. कॅसेटवर बुरशी दिसली तर ती वाजवू नका. चांगली असेल तर टेपचं हेड स्वच्छ करून आवाज लॅपटॉपवर वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या, एमपी३ करू नका. 'मॅनिक मायनर' आणि 'एलीट' जगभरच्या लोकांनी केव्हाच जपून ठेवलेत, त्यांची काळजी नको. पण ज्या कॅसेटवर पेननं नुसतं 'माझा प्रोग्राम' असं लिहिलंय, किंवा गाण्यांच्या मागच्या बाजूला मधेच खरखर ऐकू येते, ती जगात एकच आहे. आधी ती उतरवा.