एकोणपन्नास दिवस न हललेली गाडी

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी घरी आला होता. त्याचा शिलाईचा छोटा कारखाना आहे. एका व्यापाऱ्याने नव्या कुर्त्याचा नमुना मागितला. तो तयार व्हायला पाच आठवडे लागले, तोवर सीझन सरला आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. "मॅडम, काम तर तीनच दिवसांचं होतं," तो म्हणाला.

मग बाकीचे दिवस कुठे गेले? आम्ही कागदावर मांडून पाहिलं. कापड कटिंग मास्टरकडून भरतकामवाल्याकडे गेलं, तिथे पडून राहिलं. गळा व्यापाऱ्याला पसंत पडला नाही म्हणून परत आलं, पुन्हा रांगेत लागलं. आळशी कुणीच नव्हतं. कापड मात्र वाट पाहत होतं.

'लीन' व्यवस्थापन म्हणतात ते ही वाट पाहणं शोधण्याचं शास्त्र. नाव १९८८ मध्ये जॉन क्राफचिक यांनी दिलं, पण पद्धत जपानच्या टोयोटाची. (आपल्याकडे लीन म्हटलं की मालकांना आधी माणसं कमी करणं सुचतं. ते लीन नव्हे.)

टोयोटाने प्रियस ही पेट्रोल आणि विजेवर चालणारी गाडी करायला घेतली, तेव्हा प्रमुख नेमले ताकेशी उचियामादा. नवी गाडी घडवण्याचं नेतृत्व त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. आपल्याला सगळं कळत नाही हे ओळखून त्यांनी वेगवेगळ्या विभागांच्या जाणकारांना एका मोठ्या खोलीत एकत्र बसवलं. जपानीत तिला 'ओबेया' म्हणतात. आराखडे, वेळापत्रक, अडचणी, सगळं भिंतीवर. ज्या शंकेसाठी एरवी कागद विभागाविभागांतून फिरला असता, ती तिथल्या तिथे सुटे.

पण घाई त्यांनी सुरुवातीला केली नाही. हायब्रिड यंत्रणेचे सुमारे ८० पर्याय तपासले, त्यांतले चार उरले, मग एक. १९९५ च्या अखेरीस पहिली चाचणी गाडी तयार झाली आणि ४९ दिवस जागची हललीच नाही! त्यातच गाडी १९९८ च्या अखेरीऐवजी एक वर्ष आधी हवी, असं वरून सांगण्यात आलं. डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस बाजारात आली.

माझ्या विद्यार्थ्याकडे मोठी खोली नाही, टेबल एकच आहे. येत्या रविवारी कटिंग मास्टर, भरतकामवाला आणि व्यापाऱ्याचा माणूस यांना तो त्या टेबलाभोवती बसवणार आहे. पहिले दोघे हो म्हणाले आहेत. व्यापाऱ्याच्या माणसाचा अजून फोन आलेला नाही.